शनिवारी घाणा बंद!

सुट्टीच्या दिवशीही फोन हातातून सुटत नाही, ग्रुपवरची कुजबुज थांबत नाही आणि ‘सॉरी’ म्हणायला जीभ रेटत नाही. या दुखण्यांवर ज्यू परंपरेत दोन हजार वर्षं खल चाललाय. त्यातलं आपल्या कामाचं काय आहे?

अलिबाग, पेण, रोह्याकडच्या एखाद्या जुन्या माणसाला ‘शनवार तेली’ म्हणजे कोण, असं विचारून बघा. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं. घाणा सहा दिवस फिरायचा आणि शनिवारी बैल सोडलेला असायचा. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी ठेवणारे ते शनवार तेली, असा गावाचा सरळ हिशेब होता. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि आपण त्यांचे वंशज, अशी त्यांच्यात चालत आलेली कथा आहे. आडनावं म्हणाल तर पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. म्हणजे तुमच्या हजेरीपटावर सहज खपून जातील अशी.

यातली खरी गंमत पुढे आहे. मधली कित्येक शतकं या लोकांचा बाकीच्या ज्यू जगाशी जवळजवळ संबंधच नव्हता. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ हाताशी राहिले नाहीत, बऱ्याच सणांना इथलीच नावं चिकटली. ज्यू नववर्ष झालं ‘नव्याचा सण’, सुक्कोथ झाला ‘खिरीचा सण’. एवढं सगळं वाहून गेलं, पण ज्या थोड्या गोष्टी घट्ट धरून ठेवल्या त्यात शनिवार होता. का टिकला असेल? मला वाटतं, तो डोक्यात ठेवायचा विचार नव्हता, हाताने करायची, खरं तर न करायची, गोष्ट होती म्हणून. घाणा एक तर फिरतो किंवा फिरत नाही. ‘मी मनातून सुट्टीवर आहे’ असलं काही त्यात चालत नाही.

आता तुमच्या रविवारकडे या. लेक्चर नाही, सबमिशन उद्यावर ढकललंय, तुम्ही लोळताय. पण घाणा चालूच आहे. फक्त आता बैलही तुम्ही आणि तेलही तुमचंच निघतंय. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो, इंटर्नशिपच्या ग्रुपवर ‘जस्ट अ क्विक थिंग’ येऊन पडलेलं असतं, आणि दुपारी तीन वाजता लक्षात येतं की दोन तास रील्समध्ये गेले आणि थकवा मात्र वाढलाय. मग आपण ठरवतो, की उद्यापासून स्क्रीन टाइम कमी. ॲपला लिमिट लावतो. लिमिट संपली की ‘आणखी १५ मिनिटं’चं बटण दाबतो. हे बटण कुणी ठेवलंय आणि का ठेवलंय, ते सांगायला नको.

कमी नाही, बंद

शब्बाथचा हिशेब वेगळा आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत, साधारण पंचवीस तास. या काळात काय करायचं नाही याची यादी ‘मिश्ना’ या इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात आहे. एकोणचाळीस प्रकारची कामं. नांगरणं, पेरणं, कापणी, दळणं, मळणं, भाजणं, कातणं, विणणं, गाठ मारणं, गाठ सोडणं, आग पेटवणं, आग विझवणं, एखादी वस्तू घरातून बाहेर रस्त्यावर नेणं... त्यात दोन अक्षरं लिहिणंही आहे आणि दोन अक्षरं पुसणंही आहे. म्हणजे टायपिंग आणि बॅकस्पेस, दोन्हींची सोय करून ठेवलीय म्हणा ना!

ही यादी कष्टाची नाही, हे लक्षात घ्या. वाळवंटात असताना ज्यूंनी जो पवित्र तंबू उभारला, त्यासाठी जी जी कामं लागली त्यावरून ती बनलीय. म्हणजे जगात काही तरी नवं घडवणं, बदलणं, आपल्याला हवं तसं करून घेणं, हे त्या दिवशी थांबवायचं. चार मजले चढून आजीला भेटायला जा, घाम आला तरी चालेल. पण एक काडी ओढायची नाही. दमणं वाईट आणि लोळणं चांगलं असा तो मुद्दाच नाही. सहा दिवस जगाला हात लावलात ना, मग एक दिवस हात मागे घ्या आणि ते तुमच्याशिवाय चालतंय का बघा, असा काहीसा आहे. विसाव्या शतकातले विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ मध्ये शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस जागेत इमारती बांधतो तशी ज्यूंनी वेळेत एक वास्तू बांधली. ऐकायला काव्यमय आहे, पण नुसतं काव्य नाही. इमारतीला भिंती लागतात. शब्बाथच्या भिंती म्हणजे हे नियम.

आणि भिंती भलत्याच जाड आहेत. ‘मुक्त्से’ नावाची एक कल्पना आहे. ज्या वस्तूचा त्या दिवशी उपयोग करायचा नाही, ती उगीच हातातही घ्यायची नाही. पेन उचलून बाजूला ठेवणंसुद्धा टाळायचं. पहिल्यांदा ऐकल्यावर हा अतिरेक वाटतो. पण फोनच्या बाबतीत विचार करा. ‘फक्त टाइम बघतो’ म्हणून उचललेला फोन कधी फक्त टाइम बघून खाली ठेवलाय? नियम करणाऱ्यांनी माणसाचा हात नीट ओळखला होता. मोह आल्यावर लढायचं नाही, मोहाच्या वस्तूपासून चार हात लांब कुंपण घालायचं. शुक्रवारी दुपारीच स्वयंपाक उरकायचा, दिवे लावून ठेवायचे, निरोप द्यायचे ते देऊन टाकायचे. सगळी तयारी आधी. शनिवारी सकाळी ‘आज उघडू की नको’ हा प्रश्नच पडू द्यायचा नाही.

अर्थात माणूस तो माणूसच. नियम आले की पळवाटा आल्या. आजचे ऑर्थोडॉक्स ज्यू शब्बाथला विजेचं बटण दाबत नाहीत, म्हणून दिव्यांना आधीच टायमर लावतात. इस्राएलमध्ये हॉटेलांत, उंच इमारतींत ‘शब्बाथ लिफ्ट’ असते, ती त्या दिवशी बटण न दाबता आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. वस्तू बाहेर न नेण्याच्या नियमावर तोडगा म्हणून अख्ख्या वस्तीभोवती खांब आणि तारा बांधून ‘एरूव’ नावाची हद्द आखतात, म्हणजे ती सगळी वस्ती जणू एकच घर. ज्यू लोक स्वतःच यावर भरपूर विनोद करतात. पण एका ठिकाणी पळवाट लागतच नाही. कुणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा. ‘मोडला तरी चालेल’ नव्हे, मोडायलाच हवा. तिथे रब्बीला विचारत बसणंही अपेक्षित नाही.

तुम्ही ज्यू नाही, तुम्हाला एकोणचाळीस कामांची यादी पाळायची नाही. पाळायला सांगतही नाहीये. पण ही युक्ती धर्माबाहेर कधीच गेलीय. अमेरिकेत ‘रीबूट’ नावाच्या ज्यू तरुणांच्या गटाने २०१० मध्ये ‘नॅशनल डे ऑफ अनप्लगिंग’ सुरू केला. टिफनी श्लेन ही फिल्ममेकर आपल्या कुटुंबासोबत दर आठवड्याला एक दिवस सगळे स्क्रीन बंद ठेवते, त्यावर तिचं ‘२४/६’ नावाचं पुस्तक २०१९ मध्ये आलंय. ‘डिजिटल डिटॉक्स’ या नावाने रिसॉर्टवाले जे पॅकेज विकतात, त्याची फुकट आवृत्ती म्हणा.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. डिटॉक्स ‘माझ्यासाठी’ असतो. शब्बाथची आज्ञा बघितली तर तिथे तू, तुझी मुलं, तुझे नोकर, तुझी जनावरं, तुझ्या गावात आलेला परका, सगळ्यांना सुट्टी आहे. तेल्याने बसायचं आणि बैलाला फिरवायचं, असं नाही. बैलही सुटला पाहिजे. हे जरा स्वतःला लावून बघा. तुमचा ‘सेल्फ केअर संडे’ आहे आणि भर पावसात बिर्याणी घेऊन चौथ्या मजल्यावर कुणी तरी येतंय. तुम्ही फोन बंद ठेवलाय, पण फेस्टच्या कमिटीचे हेड म्हणून शनिवारी रात्री साडेअकराला ज्युनिअर्सच्या ग्रुपवर ‘उद्या सकाळपर्यंत पोस्टर हवं’ टाकूनच बंद केलाय. याला घाणा बंद म्हणत नाहीत.

करायचंच असेल तर एकटे करू नका, असं म्हणेन. चौघांनी मिळून शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ ठरवा, घरच्यांना सांगा, आई-बाबांसाठी लँडलाइन किंवा शेजारच्या काकूंचा नंबर देऊन ठेवा आणि फोन कपाटात टाका. एकट्याने फोन बंद केला की मागे काय चाललं असेल याची भीती वाटते. चौघांचाही बंद असला तर मागे काही चाललेलंच नसतं. बेने इस्राएल घरांमध्ये शब्बाथच्या सुरुवातीला वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत घेतात, वाइन कोकणात सहज मिळत नव्हती म्हणून. तेवढं तरी करून बघायला हरकत नाही, उन्हाळ्यात फार छान लागतं.

खरं असलं तरी?

दुसरा विषय अधिक नाजूक. जीभ. हिब्रूत ‘लाशोन हारा’ म्हणतात, शब्दशः ‘वाईट जीभ’. आपण लगेच म्हणतो, हो, खोटं पसरवू नये, माहितीय. पण लाशोन हारा म्हणजे खोटं नव्हे. खोट्यासाठी वेगळा शब्द आहे. दुसऱ्याला कमीपणा आणणारी किंवा त्याचं नुकसान करणारी *खरी* गोष्ट विनाकारण सांगणं, ते लाशोन हारा. ‘पण मी खोटं थोडीच बोलतोय?’ हा आपला हुकमी बचाव इथे पहिल्याच चेंडूवर बाद होतो.

आजच्या बेलारूसमधल्या रादून नावाच्या छोट्या गावात इस्राएल मेइर कागान नावाचे एक रब्बी राहत. त्यांनी १८७३ मध्ये फक्त या एका विषयावर कायद्याच्या पुस्तकासारखं काटेकोर पुस्तक लिहिलं, ‘हाफेत्स हाईम’. ते इतकं गाजलं, की लोक लेखकालाच त्या नावाने ओळखू लागले. त्यांनी जिभेचे जे प्रकार मांडलेत ते वाचताना आपलाच ग्रुप कुणी तरी उघडून वाचतंय असं वाटत राहतं. ‘तो तुझ्याबद्दल काय म्हणाला माहितीय?’ ही एक वेगळी जात आहे. आपल्याकडे त्याला काड्या घालणं म्हणतात. मग ‘तिचं सोड, मी काही बोलतच नाही’ हा एक प्रकार, ज्यात काहीच न बोलता सगळं बोलून होतं. त्याला परंपरेत फार सुंदर नाव आहे, वाईट जिभेची ‘धूळ’. नुसती भुवई उडवणं, डोळा मारणंही त्यातच. आज असते तर त्यांनी त्या डोळे फिरवणाऱ्या इमोजीवर एक परिशिष्ट जोडलं असतं. इतकंच कशाला, एखाद्याची त्याच्या विरोधकांसमोर भरभरून स्तुती करणंही धुळीतच मोडतं, कारण त्यावर समोरचे काय बोलणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

आणि फक्त बोलणारा दोषी नाही. तालमूद म्हणतं, की या जिभेने तिघे मरतात, बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो. ग्रुपवर एक शब्द न टाकता सगळं वाचणाऱ्या शंभर जणांनो, तुम्ही या यादीत दोन नंबरला आहात.

इथपर्यंत आलात की एक अडचण उभी राहते, आणि ती उभी राहायलाच हवी. मग वाईट वागणाऱ्याबद्दल बोलायचंच नाही का? पीजीवाला डिपॉझिट बुडवतो, एक कंपनी तीन महिने राबवून स्टायपेंड देत नाही, एक सीनिअर मुलींना रात्री नको ते मेसेज करतो. हे पुढच्यांना सांगायचं नाही? सांगायचं. ‘चहाड्या करत फिरू नकोस’ आणि ‘दुसऱ्याच्या जिवावर बेतत असताना नुसता उभा राहू नकोस’ या दोन आज्ञा बायबलच्या लेवीय ग्रंथात एकाच वचनात, एकापाठोपाठ आल्यात. बोलणं हा गुन्हा होऊ शकतो, तसा गप्प बसणं हाही.

कागान यांनी मग बोलायचं कधी, याच्या अटी घातल्या. गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलेली हवी, किंवा ऐकली असेल तर नीट पडताळलेली. ती खरंच वाईट आहे की आपला समज चुकतोय, याचा विचार केलेला हवा. उपयोग होणार असेल तर आधी त्या माणसाशी बोलायचं. तिखटमीठ लावायचं नाही. हेतू कुणाला वाचवण्याचा हवा, जुना हिशेब चुकता करण्याचा नाही. बोलल्याशिवाय दुसरा मार्गच नसेल तर बोलायचं. आणि तुमच्या बोलण्याने त्या माणसाचं जेवढं व्हायला हवं त्याहून जास्त नुकसान होता कामा नये. पीजीवाल्याबद्दल लिहिताना या अटी लावून बघा. ‘मला डिपॉझिट परत मिळालं नाही, चार वेळा मागितलं, करार जवळ आहे’ एवढं लिहिणं अटीत बसतं. त्याच्या मुलीच्या प्रोफाइलवर जाऊन कमेंट करणं नाही बसत.

पण या नियमाची काळी बाजूही सांगायला हवी, नाही तर लेख अर्धाच राहील. काही कर्मठ ज्यू वस्त्यांमध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबायला हाच नियम वापरला गेला. ‘लाशोन हारा करू नकोस’ म्हणून पीडितांनाच गप्प केलं गेलं. त्या समाजातल्याच अनेकांनी, रब्बींनीसुद्धा, याला उघड विरोध केलाय, कारण नियमाचा मूळ अर्थच उलटा होता. आपल्याकडे ‘कॉलेजचं नाव खराब होईल’ म्हणतात, तेव्हा हीच चाल खेळली जात असते. तेव्हा त्या सीनिअरच्या बाबतीत ‘आधी त्याच्याशी बोल’ वगैरे काही नाही. कॉलेजमध्ये २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते. तिथे जायचं, मैत्रिणीला सोबत घेऊन जायचं. हे लाशोन हारा नाही.

चोवीस हरकती

तालमूदमध्ये एक गोष्ट आहे. गोष्ट तिसऱ्या शतकातली, गॅलिलीकडची. रब्बी योहानान हे मोठे विद्वान. रेश लाकीश हा दरोडेखोर. जॉर्डन नदीवर दोघांची गाठ पडते, योहानान त्याची ताकद बघून म्हणतात, ही ताकद अभ्यासात घाल. रेश लाकीश खरंच सगळं सोडून शिकायला बसतो, योहानानच्या बहिणीशी त्याचं लग्न होतं आणि तो त्यांच्या तोडीचा विद्वान होतो. दोघं अभ्यासातले जोडीदार.

जोडीदार हा शब्द महत्त्वाचा. ज्यू परंपरेत एकट्याने, मान खाली घालून वाचण्यापेक्षा दोघांनी मोठ्याने वाचून भांडत भांडत शिकण्याला फार मान आहे. त्याला ‘हेव्रुता’ म्हणतात, मूळ शब्द मैत्रीचा. त्यांच्या अभ्यासिकेत ‘शांतता राखा’ची पाटी लावून उपयोग नाही, तिथे मासळीबाजारासारखा गलका असतो. एक जण अर्थ सांगतो, दुसरा त्याचं काम म्हणून तो मोडायला बघतो.

एक दिवस या दोघांत वाद होतो. विषय तांत्रिक, की तलवार, सुरी असली हत्यारं ‘तयार झाली’ कधी म्हणायचं, भट्टीतून निघाल्यावर की पाण्यात विझवल्यावर. योहानान वादात चिडून बोलून जातात, की दरोडेखोराला आपल्या हत्यारांची माहिती असणारच.

एकच वाक्य. सगळ्यांसमोर. रेश लाकीशला ते इतकं लागतं की तो अंथरूण धरतो. बहीण भावाला विनवते, योहानान हटत नाहीत. रेश लाकीश मरतो. मग योहानान खचतात. त्यांना सावरायला दुसरे हुशार विद्वान, एलाझार बेन पेदात, जोडीदार म्हणून पाठवले जातात. योहानान काहीही म्हणाले की हे म्हणणार, बरोबर आहे, तुमच्या बाजूने अमुक आधारही सापडतो. योहानान अखेर वैतागतात. मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का? लाकीशचा पोर माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो आणि त्यातून विषय आपोआप मोकळा व्हायचा! ते कपडे फाडत, त्याला हाका मारत फिरतात, त्यांचं भान जातं आणि त्यातच त्यांचा शेवट होतो.

एलाझार बेन पेदात आज तुमच्या खिशात आहे. एआय चॅटबॉटला आपला प्रोजेक्ट दाखवा, तो म्हणेल, उत्तम मुद्दा मांडलात! तुमच्या चुकीच्या मुद्द्यालाही तो आधार शोधून देईल. तो वापरू नका असं नाही. पण त्याला मुद्दाम सांगा, की यात काय चुकतंय ते काढ. त्याहून बरं म्हणजे परीक्षेआधी एक असा मित्र धरा जो तुमचं उत्तर मान्यच करत नाही. नोट्स वाचून ‘आलं मला’ वाटतं, ते त्याला समजावताना अर्ध्यावर फसतं. मग खरं यायला लागतं.

या गोष्टीचा दुसरा धागा मात्र जास्त टोचतो. तालमूदच्या ज्या भागात ही गोष्ट आहे, त्याच ‘बावा मेत्सिया’ भागात काही पानं आधी नियम आलेला आहे. सुधारलेल्या माणसाला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण करून द्यायची नाही. आणि चारचौघांत कुणाला लाजवणं हे रक्त सांडण्यासारखं. का, तर तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरतो आणि तो पांढरा पडतो. एवढा मोठा विद्वान हा नियम जाणत नव्हता असं नाही. वादात जिंकायची खुमखुमी नियमापेक्षा मोठी ठरली. अकरावीत कुणी मूर्खासारखी पोस्ट टाकली होती, आता तो तिसऱ्या वर्षाला आहे, विचार बदललेत, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी तो स्क्रीनशॉट फिरतो. फिरवणारा म्हणतो, खरंच तर आहे! खरंच होतं रेश लाकीशचंही. एक दिलासा एवढाच, की मनापासून बदललेल्या माणसाची जुनी पापंसुद्धा पुण्याच्या बाजूला जमा होऊ शकतात, हे धाडसी मत तालमूदमध्ये याच रेश लाकीशच्या नावावर आहे.

सॉरीची प्रोसिजर

योहानान सॉरी म्हणाले नाहीत. म्हणायचं कसं, यावर बाराव्या शतकातले वैद्य आणि विचारवंत मैमोनिडीस यांनी सविस्तर लिहिलंय. देवाबाबत केलेल्या चुका ‘योम किप्पुर’च्या उपवासाने माफ होतात, पण माणसाबाबत केलेल्या होत नाहीत. त्यासाठी त्या माणसाकडेच जावं लागतं. पैसे बुडवले असतील तर नुसते परत करून भागत नाही, त्याचं मन वळवायचं. त्याने नाही म्हटलं तर तीन मित्र घेऊन पुन्हा जायचं, असं तीनदा. तीनदा मनापासून मागूनही तो हटला नाही, तर आता अडचण त्याची. आणि बदल पूर्ण झाला हे कधी समजायचं? तीच परिस्थिती, तीच संधी पुन्हा समोर आली आणि तुम्ही तसं वागला नाहीत, तेव्हा. सॉरीचं स्टेटस ठेवल्यावर नव्हे. ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा’ असले सरसकट मेसेज योम किप्पुरच्या आधी ज्यू लोकही एकमेकांना ढकलतात, आपण सगळे सारखेच. पण त्याने हिशेब चुकता होत नाही. कुणाला, कशाने, हे नाव घेऊन म्हणावं लागतं.

बेने इस्राएल योम किप्पुरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास करून, दार लावून घरात बसायचं. म्हणजे ज्याच्याकडे जायचंय त्याच्याकडे दार लावायच्या आधी जाऊन यायला हवं.

आणि समोरच्याने? त्याने निष्ठुर होऊ नये, लवकर विरघळावं, असं मैमोनिडीस म्हणतात. मात्र नंतरच्या कायद्याच्या परंपरेत एक अपवाद नोंदवलाय. कुणी तुमच्याबद्दल खोटं पसरवून बदनामी केली असेल, तर माफ करायचं बंधन तुमच्यावर नाही. कारण दिलंय ते साधं आहे. ज्यांनी बदनामी ऐकली ते सगळे माफीही ऐकतील, याची खात्री नसते. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबेपर्यंत मेसेज अकरा ग्रुपवर गेलेला असतो, आणि पर्सनलवर पाठवलेलं ‘सॉरी यार’ त्यातल्या एकाही ग्रुपवर पोचत नाही. त्या अकरा ठिकाणी स्वतः जाऊन, आपल्या नावाने, ‘मी टाकलं होतं ते खोटं होतं’ असं लिहावं लागेल, मग त्या माणसाच्या दारात.